‘इरेज डिस्क’ म्हणजे फक्त सी ड्राईव्ह नव्हे: लिनक्स मिंट टाकताना कुठल्या सेटिंगवर थांबायचं

प्रश्न थोडक्यात असा. वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातल्या एका गावात अभ्यासिका आहे. तिथं तीन जुने डेस्कटॉप आहेत : चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनवर बसत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं. पेन ड्राईव्ह बूटेबल झाला, इन्स्टॉलर सुरू झाला आणि ‘इन्स्टॉलेशन टाइप’ या पानावर तिथल्या ताई थांबल्या. त्या विचारतात, “इन्स्टॉल दाबण्याआधी कोणकोणत्या सेटिंग तपासायच्या? काही चुकलं तर नंतर बदलता येतं का? डी ड्राईव्हमध्ये सरावाच्या प्रश्नपत्रिका आणि गावातल्या कार्यक्रमांचे फोटो आहेत. ते राहतील ना?”

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यापुढं किरकोळ आहे. त्या पानावर ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट’ हा पर्याय आहे. तो घेतला तर डी ड्राईव्ह राहणार नाही. सी, डी, ई, जे काही त्या डिस्कवर आहे ते सगळं जाईल.

आपल्याकडं गेली कित्येक वर्षं विंडोजला ‘फॉरमॅट मारणं’ म्हणजे सी पुसायचा आणि डी तसाच ठेवायचा, अशी पद्धत पडली आहे. तालुक्याच्या दुकानात मशीन नेलं की दुकानदार पहिलं विचारतो, “डेटा डी मध्येच आहे ना?” म्हणून डी म्हणजे सुरक्षित जागा, असं सगळ्यांच्या मनात पक्कं बसलंय. पण सी आणि डी या दोन डिस्क नसतात. एकाच हार्ड डिस्कचे ते दोन भाग, म्हणजे पार्टिशन. विंडोजचा इन्स्टॉलर तुम्हाला पार्टिशन निवडायला लावतो. मिंटचा हा पर्याय अख्खी डिस्क धरतो. वाक्यात ‘डिस्क’ लिहिलंय आणि त्याचा अर्थ शब्दशः तोच आहे. गावागावात लिनक्स टाकताना डेटा जातो तो बहुतेक वेळा या एका गैरसमजातून, म्हणून इतकं खोलात सांगतोय.

आता तुमचा मूळ प्रश्न. इन्स्टॉलर विचारतो त्या सेटिंग माझ्या मते दोनच प्रकारच्या असतात : नंतर दोन क्लिकमध्ये बदलता येणाऱ्या, आणि नंतर बदलायच्या तर पुन्हा इन्स्टॉल करावं लागणाऱ्या किंवा डेटाच घालवणाऱ्या. भाषा, टाइम झोन, कोडेक (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणारे भाग), दिसणं-वागणं हे सगळं पहिल्या प्रकारात. डिस्क, पार्टिशन, बूटची (मशीन सुरू होण्याची) पद्धत, एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा पासवर्डनं कुलूपबंद करणं) हे दुसऱ्या प्रकारात. लोक टाइम झोनच्या नकाशावर नागपूर शोधत पाच मिनिटं घालवतात आणि डिस्कच्या पानावर पाच सेकंदात ‘कंटिन्यू’ दाबतात. तुम्ही नेमकं उलट करा.

परतीचा रस्ता कुठं बंद होतो, हेही माहीत हवं, कारण प्रत्येक इन्स्टॉलरमध्ये ती जागा वेगळी असते. ओपनसुसे या दुसऱ्या लिनक्सच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये शेवटी सगळ्या सेटिंगचं एकत्र पान येतं आणि तिथं ‘इन्स्टॉल’ दाबेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. कॅलामारेस नावाचा इन्स्टॉलर बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांमध्ये, असतो, तोही शेवटी सारांश दाखवतो. तुमच्या मिंटमध्ये मात्र असं शेवटचं पान येत नाही. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबलं की एक छोटी चौकट येते : ‘राईट द चेंजेस टू डिस्क्स?’ तिथं ‘कंटिन्यू’ दाबलं की डिस्कवर लिहिणं सुरू. टाइम झोन, तुमचं नाव, पासवर्ड हे प्रश्न त्यानंतर येतात. अजून प्रश्न विचारतोय म्हणजे अजून काही झालेलं नाही, असं वाटतं. पण तोवर जुनी पार्टिशन गेलेली असतात. त्यामुळं ती छोटी चौकट हाच तुमच्यासाठी खरा तपासणीचा कागद आहे, ती ओळन् ओळ वाचा.

त्यात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : कोणत्या डिस्कचं पार्टिशन टेबल बदलणार, आणि कोणती पार्टिशन फॉरमॅट होणार. डिस्कचं नाव ‘एसडीए’, ‘एसडीबी’ किंवा नव्या मशीनवर ‘एनव्हीएमई’ने सुरू होणारं असतं. नावावरून काही कळत नाही, कारण पेन ड्राईव्हसुद्धा ‘एसडीए’ होऊ शकतो. ओळख पटवायची ती आकारमानावरून. इन्स्टॉलर सुरू करण्याआधी मिंटच्या मेन्यूतून ‘डिस्क्स’ हे ॲप उघडा. तिथं प्रत्येक डिस्कचं ‘एसडीए’सारखं नाव, कंपनीचं नाव, आकार आणि आत काय-काय पार्टिशन आहेत ते दिसतं. कागदावर लिहून ठेवा : ५०० जीबीची कोणती, १६ जीबीचा पेन ड्राईव्ह कोणता. मग चौकटीतलं नाव कागदाशी जुळवा. जुळलं नाही तर ‘गो बॅक’. आणि बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती आधी काढून ठेवा. इन्स्टॉल होताना तिचं तिथं काही काम नाही.

तुमच्या बाबतीत माझा स्पष्ट सल्ला वेगळाच आहे. तिन्ही मशीनला एकेक साटा एसएसडी घ्या, २४० किंवा २५६ जीबीची पुरते. कॅबिनेट उघडून जुनी हार्ड डिस्क काढा, एसएसडी लावा आणि मिंट तिच्यावर टाका. मग ‘इरेज डिस्क’ बिनधास्त दाबा, कारण पुसायला आत दुसरं काही नाहीच. जुनी डिस्क कपाटात राहील, फोटो-प्रश्नपत्रिकांसकट. नंतर यूएसबी केसमध्ये घालून हवं ते कॉपी करून घ्या. चौथ्या पिढीच्या आय-३ ला संथ करणारी वस्तू बहुतेक वेळा ती फिरणारी डिस्कच असते, त्यामुळं एसएसडीनं मशीनचा वेगही वाढेल. खर्च जमत नसेल तर डी ड्राईव्ह आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनवर लावून चार-दोन फाइल खरंच उघडतात का ते बघा. कॉपी झाली असं दिसणं आणि फाइल उघडणं यात फरक असतो.

‘इन्स्टॉल अलाँगसाइड’, म्हणजे विंडोजच्या बाजूला मिंट, हा पर्यायही दिसेल. तो वाईट नाही. पण त्यात विंडोजचं पार्टिशन आखडून जागा काढावी लागते. जुन्या भरलेल्या डिस्कवर या कामाला खूप वेळ लागू शकतो, आणि मध्येच लाईन गेली तर पार्टिशन अर्धवट राहतं. गावठाणातल्या लाईनचा भरवसा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. यूपीएस नसेल तर हे काम करू नका. यूपीएस असेल तरी त्याची बॅटरी किती मिनिटं धरते ते आधी पाहा. पुष्कळ जुने यूपीएस लाईन गेल्याबरोबर टूं करतात आणि बंद पडतात. आणि एक विनंती, उन्हाळ्यात कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर लावू नका. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली येतं आणि मशीन रीस्टार्ट होतं. इन्स्टॉल सकाळच्या गारव्यात करा. ४५ अंशाच्या दुपारी धूळ बसलेल्या पंख्याचं मशीन तापून आपोआप बंद पडू शकतं. कॅबिनेट उघडणारच आहात तर ब्रशनं पंखाही साफ करून घ्या.

विंडोज ठेवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये दोन गोष्टी करा. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. तो चालू असला की ‘शट डाऊन’ केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मिंटमधून त्या ड्राईव्हवर लिहिता येत नाही. दुसरं, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय पुढं जाऊ नका. तुमच्या मशीनवर ते असण्याची शक्यता कमी, पण हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडं नवा लॅपटॉप आहे त्यांना हे फार महत्त्वाचं.

आता बूटची पद्धत. हे दिसत नाही, म्हणून राहून जातं. मशीन दोन पद्धतींनी सुरू होतं : जुनी ‘लेगसी’ आणि नवी ‘यूईएफआय’. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडलं की ‘बायोस मोड’ या ओळीपुढं यापैकी एक शब्द दिसतो. विंडोज ठेवणार असाल तर मिंटही त्याच पद्धतीत टाका. एक लेगसी आणि एक यूईएफआय असं झालं की सुरू होताना दोन्हीतून निवडायचा मेन्यू नीट येत नाही आणि ‘विंडोज उडालं’ असा गैरसमज होतो. पद्धत ठरते ती पेन ड्राईव्ह कसा सुरू केला त्यावरून. बूट मेन्यूत एकच पेन ड्राईव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढं ‘यूईएफआय’ लावून. त्यातला कोणता निवडला, तेच पुढं चालतं. मिंट सुरू झाल्यावर खात्री करायची असेल तर फाइल मॅनेजरमध्ये ‘फाइल सिस्टिम’ उघडा, त्यात ‘सिस’, त्यात ‘फर्मवेअर’. तिथं ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी. फक्त मिंटच ठेवणार असाल आणि मशीन यूईएफआय देत असेल, तर तीच घ्या.

‘समथिंग एल्स’ निवडून स्वतः पार्टिशन मांडणाऱ्यांसाठी दोन सूचना. खाली ‘बूट लोडर (मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) कुठं टाकायचा’ असा छोटा पर्याय असतो. लेगसी पद्धतीत तिथं चुकून पेन ड्राईव्हचं नाव राहिलं तर इन्स्टॉल व्यवस्थित होतं, पण पेन ड्राईव्ह काढला की मशीन सुरूच होत नाही. आणि यूईएफआय पद्धतीत विंडोजसोबत टाकत असाल तर ते छोटं ईएफआय पार्टिशन वापरायचं, त्यावर फॉरमॅटची खूण करायची नाही. विंडोजची बूट फाइल तिथंच असते. फाइल सिस्टिम ‘ईएक्सटी-४’ ठेवा. ती लिहिण्याआधी नोंद करते, त्यामुळं लाईन गेल्यावर सहसा स्वतःला सावरून घेते. आमच्या भागात मला ती सगळ्यांत भरवशाची वाटते. स्वॅपचा, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेचा, विचार करू नका, मिंट स्वतः स्वॅप फाइल करतं.

डिस्क दिसतच नाही, असं काही नव्या लॅपटॉपवर होतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्क ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ पद्धतीवर असेल तर ती ‘एएचसीआय’वर आणावी लागते. पण विंडोज ठेवणार असाल तर हे थेट बदलू नका, विंडोज सुरू होणार नाही. आधी त्याची तयारी करावी लागते.

एन्क्रिप्शनबद्दल माझं मत ठाम आहे. इन्स्टॉलेशन टाइपच्याच पानावर ‘ॲडव्हान्स्ड फीचर्स’मध्ये तो पर्याय असतो, आणि नंतर लावायचा तर पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं. लोकांचे आधार, उत्पन्नाचे दाखले, सातबारा ज्या मशीनवर स्कॅन होतात, तिथं पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा. मशीन चोरीला गेलं किंवा दुरुस्तीला दिलं तर लोकांची कागदपत्रं उघडी पडू नयेत, ही आपली जबाबदारी आहे. पण तो पासफ्रेज, म्हणजे कुलूप उघडायचा पासवर्ड, विसरला तर डेटा कोणीही परत आणू शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून संस्थेच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. अभ्यासिकेच्या मशीनवर मी एन्क्रिप्शन सुचवणार नाही. तिथं रोज वेगळा पोट्टा मशीन सुरू करणार, त्याला तो पासफ्रेज सांगावाच लागणार.

तिथं त्याऐवजी ‘गेस्ट सेशन’ वापरा. हे इन्स्टॉलनंतर ‘लॉगिन विंडो’च्या सेटिंगमध्ये चालू करता येतं. पोरं पोलीस भरतीचा, तलाठ्याचा, एमपीएससीचा फॉर्म भरतात. फोटो, सही, जातीचा दाखला डाउनलोड फोल्डरमध्ये टाकतात आणि तसंच सोडून जातात. पुढचा येणारा ते उघडून बघू शकतो. गेस्ट सेशनमध्ये लॉग आऊट केलं की ते सगळं पुसलं जातं. फक्त भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा : जाताना आपली फाइल पेन ड्राईव्हवर घ्या, लॉग आऊट करा. नाहीतर कोणाचा तरी दोन तासांचा टाइप केलेला निबंध जाईल आणि ते पोरगं परत कॉम्प्युटरला हात लावणार नाही.

कीबोर्डचं पान साधं दिसतं, पण तिथं एक अडचण लपलेली आहे. मराठी आवडते म्हणून मुख्य कीबोर्ड मराठी निवडू नका. पासवर्ड देवनागरीत टाइप होतो, आणि पुढं लॉगिनच्या किंवा पासफ्रेजच्या पानावर भाषा बदलायची सोय हाताशी नसेल तर तुम्ही बाहेरच राहता. मुख्य कीबोर्ड ‘इंग्लिश यूएस’ किंवा रुपयाचं चिन्ह असलेला ‘इंग्लिश इंडिया’ ठेवा. मराठी दुसरा कीबोर्ड म्हणून नंतर जोडा. टायपिंगची परीक्षा देणाऱ्या पोरांना हवा असलेला लेआउट मिळतोय का, हे त्यांच्यापैकीच एकाला बसवून बघा. इनस्क्रिप्टवाल्याला अडचण येणार नाही. रेमिंग्टनवर हात बसलेल्याला थोडं शोधावं लागेल. जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर मिंटमध्ये त्या इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारख्या दिसतील. फाइल बिघडलेली नाही, फॉन्ट नाही एवढंच. विंडोजमधला तो फॉन्ट आधीच पेन ड्राईव्हवर घेऊन ठेवा.

भाषा इन्स्टॉल करताना इंग्रजी ठेवा, मराठी नंतर प्रत्येक खात्याला वेगळी लावता येते. मराठीतून इन्स्टॉल केलं तर ‘डाउनलोड’, ‘डेस्कटॉप’ या फोल्डरची नावंही मराठीत होऊ शकतात. उद्या कुणाला फोनवरून मदत मागायची झाली की दोघंही गोंधळतात.

टाइम झोन : नकाशावर भारतात कुठंही दाबा, ‘कोलकाता’ येईल, ते बरोबर आहे. सबंध देशाची वेळ एकच, यूटीसी या जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं. विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवलेत तर विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेलं दिसू शकतं, कारण दोघं मदरबोर्डवरच्या घड्याळाचा अर्थ वेगळा लावतात. हे नंतर दुरुस्त होतं. मात्र इतक्या जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल मेलेला असण्याची दाट शक्यता आहे. लाईन गेली की तारीख मागं जाते, मग वेबसाइट उघडताना सर्टिफिकेटची चूक दाखवतात, अपडेट होत नाहीत, आणि सगळे म्हणतात लिनक्सच खराब आहे. इन्स्टॉलच्या आधी तारीख बघा. चुकीची असेल तर सेल बदला. घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

युजरनेम इंग्रजी लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्या. नंतर बदलणं किचकट आहे. कॉम्प्युटरचं नाव ‘पीसी१’, ‘पीसी२’ असं द्या आणि कॅबिनेटवरही तेच चिकटवा. ‘लॉग इन ऑटोमॅटिकली’ घेऊ नका.

इंटरनेट नसेल तर मोबाइल यूएसबीनं जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. वायफायचा ड्रायव्हर नसला तरी हे सहसा लगेच चालतं. मल्टिमीडिया कोडेकची खूण नेट असेल तरच करा, नंतरही टाकता येतात. सुरुवातीच्या अपडेटला बराच डेटा लागतो, तो पॅकचा विचार करून दुसऱ्या दिवशी घ्या. ४ जीबी रॅमला मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, तोवर पुन्हा हे करायची गरज नाही.

कुणाच्या हातून ‘कंटिन्यू’ आधीच दाबलं गेलं असेल आणि डी ड्राईव्ह आठवत असेल, तर मशीन लगेच बंद करा आणि त्या डिस्कवर पुन्हा काही टाकू नका. ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ ही फुकट साधनं दुसऱ्या मशीनवरून चालवून बरंच परत मिळू शकतं. पण डिस्कवर जितकं नवं लिहिलं जाईल तितकं मिळणं कमी होत जातं.

या सगळ्याच्या आधी, इन्स्टॉल न करता पेन ड्राईव्हवरूनच मिंट तासभर चालवून बघा. आवाज, नेट, मराठी टायपिंग, आणि सगळ्यांत आधी प्रिंटर. कॅननच्या ‘कॅप्ट’ पद्धतीच्या छोट्या लेझर प्रिंटरला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर शोधून बसवावा लागतो. तुमचा प्रिंटर त्यातला असेल तर ते काम आधी एकाच मशीनवर करून बघा. अभ्यासिकेत कुणी बोटांच्या ठशाचं यंत्र किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरत असेल तर ते मशीन सध्या बाजूला ठेवा. त्या यंत्राची आरडी सर्व्हिस (आधारसाठी ठसे घेणारा प्रोग्राम) किंवा टोकनचा ड्रायव्हर लिनक्ससाठी आहे का, हे विक्रेत्याला विचारा, आणि ‘आहे’ म्हणाला तर त्याच्यासमोर चालवून बघितल्यावरच त्यावर मिंट टाका.